घर एक, नावे किती?

अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी उठली. तिथल्या घरांची यादी मी बोईसरला बसून संगणकावर घेत होतो. २००४ साली आलेल्या 'रेल्स' या प्रणालीला तक्त्याचे नाव आणि रकाने सांगितले, की भरण्याची, पाहण्याची, बदलण्याची पाने ती एका आज्ञेत लिहून देते. मी 'कुटुंबप्रमुख' असा एकच रकाना दिला. पाने बिनचूक चालली. विधवा सून आणि वेगळी चूल मांडलेला धाकटा मुलगा मात्र यादीत आलेच नाहीत. यंत्र हे विचारत नाही. मग माणसांचा तक्ता वेगळा केला, प्रत्येक नावापुढे घराचा क्रमांक ठेवला आणि पाने नव्याने काढली. हाताने केलेले बदल त्यात पुसले गेले, ते सोसले. त्या घरापुढे आता सात नावे आहेत, सातवे सुनेचे.