दुसरा बार का अडला?



उसात रानडुकरांचा वावर, हा विषय आपल्या बैठकांत दर हंगामाला निघतोच. या खेपेला आम्ही जऊळका (रेल्वे) शिवारातल्या एका सभासदांच्या मळ्यावर गेलो ते मात्र ऊस पाहायला नव्हे, बंदूक पाहायला.

घडले असे. वनखात्याची लेखी परवानगी हाती आल्यावर हे सभासद रात्री जागलीला बसले. हाती आजोबांच्या वेळची, परवान्यावर रीतसर नोंदलेली बारा बोअरची, आपोआप भरणारी बंदूक. पहिला बार सुटला, डुक्कर जखमी होऊन फडात घुसले. दुसऱ्यांदा चाप ओढला तर काहीच नाही. पहिल्या काडतुसाची पुंगळी खिडकीत अर्धवट अडकलेली. ती उपसण्याच्या नादात नळी कुठे वळली याचे भान राहिले नाही, आणि समोर पोरगा बॅटरी धरून उभा!

"अंदर अजून दोन काडतुसं होती भाऊ, ते मले मंग आठवलं," असे ते सांगत होते, तोवर हातातला चहा निवून गेला होता. दुसऱ्या दिवशीची तोडही थांबली. जखमी जनावर असलेल्या फडात तोडकऱ्यांना घालणार कोण? वनखात्याची माणसे फड पाहून गेल्यावरच कोयता लागला.

ही जात अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंग यांनी काढली. तिकडच्या एका कारखान्याशी बोलणे फिसकटले, दुसऱ्याचे अध्यक्ष ब्राउनिंग भेटीसाठी थांबले असतानाच वारले. मग १९०२ साली हे गृहस्थ बेल्जियमला गेले आणि बंदूक तिथे बनू लागली.

हिची गंमत अशी की बार होताच नळी आणि बोल्ट एकमेकांना धरून पार मागे जातात. मग नळी एकटी पुढे सरकते, पुंगळी बाहेर फेकली जाते आणि बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे येतो. हे सगळे धक्क्याच्या जोरावर चालते. धक्का कमी पडला की नळी अर्ध्यातूनच परतते आणि पुंगळी अडकते.

धक्का आवरायला आत ब्रेक असतो. पुढचे लाकूड काढले की मॅगझिनच्या नळीवर मोठी स्प्रिंग, एक पोलादी कडी आणि एक ब्राँझची चिरलेली कडी दिसते. जड काडतुसासाठी पोलादी कडी स्प्रिंगच्या पुढे, तिचा उतार ब्राँझच्या कडीकडे. त्याने पकड घट्ट होते. हलक्या काडतुसासाठी तीच कडी स्प्रिंगच्या मागे, बंदुकीच्या अंगाला. याच्या उलट केले, म्हणजे हलक्या मांडणीवर जड काडतुसे उडवली, तर धक्का आवरत नाही आणि लाकूड तडकते.

"बंदूक मातारी झाली, मोडीत काढा लागते," असे घरात ठरतच आले होते. उघडून पाहिले तर कड्या जड काडतुसाच्या जागी, आजोबांनी लावल्या तशाच. नळी कोरडी, धूळ आणि गंज धरलेली. आणि काडतुसे? पाखरांची, बारीक छऱ्यांची, हलकी. स्वस्त मिळाली म्हणून आणलेली! डुक्कर पडले नाही त्याचेही कारण तेच. आमच्या मते इथे कडी फिरवणे म्हणजे रोग सोडून भलतेच औषध. बंदूक बरोबर होती, काडतूस चुकले होते.

गंज पुसून तेलाचा पातळ हात दिला. नंतर परवानाधारक कारागिराकडून काडतुसाची जागाही मोजून घेतली, कारण जुन्या काही बंदुकांत ती ६५ मिलिमीटरची असते. तीत ७० चे काडतूस उडवले तर पुंगळी नीट निघत नाही. इथे ती ७० चीच निघाली.

बार अडला तर आधी नळी मोकळ्या दिशेला, बोट चापाबाहेर, पोरे मागे. मग मॅगझिन रिकामे करायचे आणि त्यानंतरच पुंगळीला हात. पुंगळी निघताच बोल्ट सुटून नवे काडतूस आत जाऊ शकते, हे विसरू नये. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. ती १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ खाली वेगळी घ्यावी लागते.

निघताना पाहिले, पोराने कड्यांचे चित्र वहीत काढून घेतले होते. उताराची बाजू कोणती, तिथे लाल पेनाने बाण.