खोताची वाडी : 'पोर्तुगीज' नव्हे, आपली घरे

मुंबईत गिरगावच्या जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून आत वळले की वाहनांचा गोंगाट मागे पडतो आणि आपण खोताच्या वाडीत प्रवेश करतो. अरुंद गल्ली, दुतर्फा बैठी वा दुमजली लाकडी घरे, रंगीत कठडे, कौलारू छपरे आणि पवित्र क्रुसाचे छोटेसे प्रार्थनास्थळ. पाहायला येणारे लोक परतताना 'पोर्तुगीज घरे' पाहिल्याचे सांगतात. हा शब्द आम्हांला खटकतो.

पोर्तुगीजांनी मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला देण्याचे ठरले ते १६६१ च्या विवाहकरारात. वाडी वसली त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस. जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची होती. तेथे ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबांनी घरे बांधली. नाव हिंदू खोताचे, वस्ती बहुतांशी ख्रिस्ती, घरातली बोली मराठीची! ज्या मंगलोरी कौलांनी अशी घरे शाकारली जातात, त्यांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये मंगळूरला काढला तो बासेल मिशनच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी. पोर्तुगीज वळण या घरांत आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु घराचा जीव कोकणपट्टीचा आहे.

समोरचा व्हरांडाच पाहा. उतरते छप्पर पावसाची झड अडवते, कठड्यातून वारा खेळतो आणि बसलेला माणूस घरातही असतो व गल्लीतही. मे महिन्यात क्रुसापाशी जपमाळ सुरू झाली की अंथरुणाला खिळलेल्या आजीलाही ती ऐकू जावी, इतकी ही घरे परस्परांना जवळ आहेत. जिना पुष्कळदा बाहेरून असतो. त्यामुळे वरचा मजला दुसऱ्या बिऱ्हाडाला देता येतो; खालच्यांच्या दिवाणखान्यातून ये-जा करावी लागत नाही.

एके काळी येथे अशी सुमारे ६५ घरे होती. आज तीसही उरलेली नाहीत. १९९५ च्या नियमावलीनंतर वाडीला वारसा परिसराचा दर्जा लाभला खरा, पण तो तृतीय श्रेणीचा, म्हणजे सर्वांत सैल संरक्षणाचा. शिवाय नियम घराची दुरुस्ती करून देत नाही. सागवानी वाशाला वाळवी लागली की खर्च घरमालकाचाच, आणि मालक तरी एक कुठे असतो? आजोबांच्या नावावरील घराला आज परदेशांत पांगलेले दहा-बारा वारस निघतात. एकाची सही मिळेपर्यंत दुसरा पावसाळा येतो आणि बिल्डर मात्र दारात उभा असतो. विकणाऱ्यांना दोष देण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

वसईपासून मुंबईपर्यंत आपल्या अनेक कुटुंबांकडे अशी घरे आहेत. त्यांच्या वारसनोंदी आईवडील हयात असतानाच पूर्ण करून घ्याव्यात, एवढे मात्र आम्ही वाचकांना आग्रहाने सुचवतो.