बाळाच्या अंगाला काय लावावे?

निपाणी भागात तंबाखूचे शेंडे व फुटवे खुडायचे दिवस आले की हाताला काळा चिकटा चढतो. दवाने किंवा पावसाने ओले झालेले पान हाताळताना त्यातले निकोटिन कातडीतून अंगात शिरते. मग धडधाकट माणसालाही मळमळते, उलटी होते, चक्कर येते. गुजरातेतील तंबाखूच्या शेतमजुरांतही हा त्रास आढळलेला आहे. यावरून एवढे ध्यानात घ्यावे की कातडी म्हणजे दगडी भिंत नव्हे. वरून लावलेले काही ना काही आत जाते.

लहान मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. दहा किलोच्या बाळाची कातडी वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या जवळजवळ पावणेदोन पट भरते. लंगोटाखाली ती सोलली असेल तर औषध आणखी लवकर आत जाते. फ्रान्समध्ये १९७२ साली 'मोरांज' नावाच्या बाळपावडरीत चुकीने हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक सहा टक्क्यांहून अधिक मिसळले गेले. दोनशेहून अधिक मुले आजारी पडली आणि ३६ दगावली. पावडर कोणी खाल्ली नव्हती, ती फक्त अंगाला लावली होती.

म्हणून आयांनी व आज्ज्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. शेतातून, वखारीतून आल्यावर किंवा मशेरी लावल्यावर साबणाने हात धुऊन, लुगडे बदलून मगच बाळाला घ्यावे.

२. खरजेवर तंबाखूचे पाणी आणि उवांवर शेतातले फवारणीचे औषध कधीही लावू नये. त्याने मूल दगावू शकते.

३. सोललेल्या जागी बोरिक पावडर टाकू नये. ती रक्तात जाऊन विषबाधा होते.

४. दोन वर्षांखालील मुलाला कापराचे तेल किंवा बाम चोळू नये. कापराने मुलांना झटके येतात.

५. काही सुरम्यांत व काजळांत शिसे असते आणि ते मुलाच्या मेंदूला अपाय करते. घरच्या दिव्याच्या काजळानेही बोटावरचे जंतू डोळ्यात जातात. डोळ्यात काहीच घालू नये.

६. पावडर फुंकरून उडवू नये. तिची धूळ छातीत जाते.

मग लावावे काय? अंघोळीला कोमट पाणी व सौम्य, बिनवासाचा साबण थोडासा पुरे. अंग कोरडे पडल्यास शुद्ध खोबरेल. कोणतीही नवी वस्तू आधी दंडावर थोडी लावून एक दिवस पाहावे. डबीवर घटक व मुदत छापलेली नसेल तर ती बाजारातच ठेवावी.

काही लावल्यावर मूल उलट्या करू लागले, लाळ गाळू लागले, फिके पडले, सुस्तावले किंवा त्याला झटका आला, तर अंग भरपूर पाण्याने धुवावे आणि डबीसकट तडक दवाखाना गाठावा. अंगारा, उतारा यात वेळ दवडू नये.

देवाने आपल्या ओटीत घातलेल्या लेकराला माया भरपूर द्यावी, पण त्याच्या अंगाला लावायच्या गोष्टी मोजक्याच असाव्यात.