नाकावरचा तीळ आणि तीन वर्षांचा उशीर

विहारातल्या आरोग्य शिबिरात मी रक्तदाब तपासत होते. भाजी विकणाऱ्या एक मावशी समोर येऊन बसल्या. त्यांच्या नाकपुडीशेजारी तुरीच्या डाळीएवढा काळपट, चकाकणारा उंचवटा होता आणि मधोमध खपली धरलेली होती.

"मावशी, हे कधीपासून?"

"तीन वर्षं झाली असतील. तीळ आहे गं सिस्टर. तोंड पुसताना रक्त येतं, मलम लावलं की सुकतं, परत येतं."

रक्तदाब ठीक होता. तीळ ठीक वाटला नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात तुकडा काढून तपासला तेव्हा निदान आले, बेसल सेल कार्सिनोमा. म्हणजे त्वचेचा कॅन्सर.

हा गोऱ्या लोकांचा आजार, असे आपण समजतो. कातडीतला काळा रंग उन्हापासून संरक्षण देतो, म्हणून आपल्यात तो कमी आढळतो हे खरे. पण कमी म्हणजे नाहीच असे नव्हे. उलट आपल्या कातडीवर तो बरेचदा काळाच दिसतो, म्हणून तीळ समजून वर्षे निघून जातात. हा कॅन्सर हळू वाढतो आणि दूरच्या अवयवांत फार क्वचित पसरतो. मात्र जागच्या जागी पोखरत राहतो. नाकाजवळ असेल तर कूर्चा खातो, पापणीवर असेल तर डोळ्याकडे सरकतो. त्वचेच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, गळ्यातल्या गाठींपर्यंत जाऊ शकतो. जुन्या भाजल्याच्या व्रणावर न भरणारी जखम झाली तर तीही म्हणूनच दाखवावी.

मावशी म्हणाल्या, "चाकू लागला की कॅन्सर पसरतो म्हणतात. आणि तोंडावरच कापणार. नातीचं लग्न होऊ दे, मग बघू."

बायोप्सीने किंवा शस्त्रक्रियेने कॅन्सर चवताळतो ही भीती वॉर्डात मी शेकडो वेळा ऐकली आहे. ती खरी नाही. पसरायला वाव मिळतो तो उशिराने. आज थोडक्यात निघणारी गाठ उद्या अर्धे नाक मागेल, हे मी त्यांना सरळ सांगितले. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत घालून दारात उभ्या राहिल्या.

अशी लहान शस्त्रक्रिया बहुधा जागेपणीच, तेवढ्या भागाला भूल देऊन होते. सुई टोचताना झोंबते. नंतर ओढल्यासारखे, दाबल्यासारखे वाटते, पण दुखत नाही. जळका वास आला तर घाबरू नये. रक्तवाहिन्या बंद करण्याच्या यंत्राचा तो वास असतो. गाठीभोवतीची साधारण ४ मिलिमीटर चांगली दिसणारी कातडीही काढतात, कारण मुळे डोळ्यांना दिसत नाहीत. खड्डा लहान असेल तर सरळ टाके घालतात. मोठा असेल तर शेजारची कातडी सरकवून किंवा दुसरीकडची लावून झाकतात. मावशींच्या गालाची कातडी नाकाकडे वळवली.

नाक मोठे गेले असेल तर कपाळाची कातडी वापरतात. ही विद्या परदेशातून आलेली नाही. कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याकडच्या एका माणसाने असेच नाक करून दिले. त्याचा सचित्र वृत्तांत १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आला आणि तिथले डॉक्टर ते शिकले. तो कारागीर विटा करणाऱ्या जातीतला होता. वृत्तांतात रुग्णाचे नाव आहे, त्या कारागिराचे नाही.

शस्त्रक्रियेनंतर हे लक्षात ठेवा. पहिले दोन-तीन दिवस डोळ्यांभोवती सूज येते; उशी उंच घ्या. जखमेवर हळद, राख, तेल लावू नका. तंबाखू, मिश्री, बिडी बंद. त्याने नव्या कातडीचा रक्तपुरवठा घटतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका. दाबून धरूनही रक्त थांबले नाही, पू किंवा ताप आला, तर लगेच रुग्णालय गाठा. चेहऱ्याचे टाके साधारण आठवड्यात निघतात. व्रण फिका व्हायला वर्षही लागते. आणि काढलेल्या तुकड्याचा अहवाल हातात घ्या. 'कडा मोकळ्या आहेत का?' हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. तो तुमचा हक्क आहे.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटा.

मावशींच्या कडा मोकळ्या आल्या. नातीच्या लग्नात व्रण अजून लाल होता. फोटोवाल्याने त्यांना बाजू बदलायला सांगितली; त्यांनी बदलली नाही.

महिन्याभरात न भरणारी, पुन्हापुन्हा रक्त येणारी जखम किंवा वाढणारा तीळ घरात कोणाला असेल, तर या आठवड्यातच दाखवा. लग्नाची वाट पाहू नका.