पाळी थांबली म्हणजे बीज थांबले काय?

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालविले व त्यापायी अश्लीलतेचे खटलेही सोसले. आपल्या देहाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार ज्याचा त्याला असावा, हे त्यांच्या सांगण्याचे सार होते. तेच सूत्र धरून आज आम्ही अशा माणसांविषयी बोलणार आहोत, ज्यांची आठवण कुटुंबनियोजनाच्या व्याख्यानांत सहसा कोणी ठेवीत नाही.

जन्मतः मुलगी म्हणून नोंद झाली, परंतु जे पुरुष म्हणून जगतात, त्यांना पारलिंगी पुरुष म्हणतात. यांपैकी पुष्कळजण टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक घेतात. आवाज जाड होतो, दाढी फुटते आणि बहुधा काही महिन्यांत पाळी थांबते. येथेच घोटाळा होतो. पाळी नाही म्हणजे दिवस राहण्याचे भय नाही, असे धरले जाते. पण भोंगा वाजला नाही म्हणून गिरणी बंद असते काय? आत एखादा साचा चालू असू शकतो. तसेच पाळी थांबली तरी स्त्रीबीज सुटू शकते. गर्भ राहिलेल्या ४१ जणांची पाहणी अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील काहींना पाळी परत सुरू होण्यापूर्वीच दिवस गेले होते. शिवाय हे औषध पोटातील गर्भाला अपायकारक आहे. म्हणून टेस्टोस्टेरॉन हे संततिनियमनाचे साधन नव्हे, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

मग साधने कोणती? ज्याचा गर्भाशय व बीजकोश शाबूत आहेत आणि ज्याच्या जोडीदारापासून गर्भ राहू शकतो, त्याला बहुतेक सर्व साधने खुली आहेत. निरोध तर आहेच. तो गुप्तरोगांपासूनही वाचवतो. तांबीत संप्रेरक नसते व ती वर्षानुवर्षे टिकते. मात्र तिने रक्तस्राव वाढू शकतो. संप्रेरकयुक्त तांबीने तो उलट कमी होतो. दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे 'अंतरा' इंजेक्शन सरकारी कार्यक्रमातच आहे. चूक घडल्यास ७२ तासांच्या आत घ्यावयाची गोळीही चालते. ज्याला मूल नकोच, त्याला शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. पण तो कायमचा, म्हणून निर्णय त्याचा स्वतःचाच हवा.

नियोजन म्हणजे केवळ 'नको' म्हणणे नव्हे. कित्येकांना मूल हवे असते. त्यांनी औषध सुरू करण्यापूर्वीच स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. खर्च मोठा आहे, हेही जाणून असावे. औषध थांबवून पुढे गर्भ धारण करणेही शक्य असते. २०२३ च्या फेब्रुवारीत कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एका पारलिंगी पुरुषाने बाळाला जन्म दिला, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे.

कायद्याच्या बाजूनेही पावले पडली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळखीचा हक्क मान्य केला. २०२२ साली गर्भपाताच्या एका निकालात त्याच न्यायालयाने सांगितले की, सुरक्षित गर्भपाताची गरज पडू शकणाऱ्या इतर व्यक्तीही 'स्त्री' या शब्दात आम्ही धरतो.

परंतु निकाल दिल्लीत लागतो आणि रांग दवाखान्यात असते. दाढीवाला माणूस स्त्रीरोगविभागाच्या रांगेत उभा राहिला की माना वळतात, कुजबुज होते, आणि तो केसपेपर न काढताच माघारी फिरतो. कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो: कागदावरचा हक्क मागितल्यावाचून पदरात पडत नाही, आणि एकट्याने मागितला तर सहसा टिकत नाही. तेव्हा आपली मागणी साधी असावी. डॉक्टराने चेहरा पाहून तर्क करू नये. कोणते अवयव आहेत, मूल हवे की नको, हे अदबीने विचारावे. नाव त्याने सांगितले तेच पुकारावे. आणि रांगेत आपल्यापुढे असा कोणी उभा असेल, तर आपण मान वळवून पाहू नये. एवढे तर या सभेतून घरी जाताच सुरू करता येईल.