उजेडाचे गणित

हिवाळ्यात मोटारीने निघणाऱ्या नागपूरकराला आम्ही आधी एकच विचारतो: अंतर राहू द्या, उजेड किती तास मिळणार? डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो; दिवस जेमतेम अकरा तासांचा. भूमध्य समुद्रातील सिसिली बेटाची प्रदक्षिणा करणाऱ्याला थंडीत पावसाचीही धास्ती, कारण तेथे पाऊस मुख्यतः हिवाळ्यातच पडतो. आपला हिवाळा कोरडा. आपल्याला बंधन ते उजेडाचे.

चिखलदऱ्याचेच उदाहरण घेऊ. अमरावतीवरून परतवाड्यापर्यंत वाट सोपी. पुढे घाट लागतो, उंची सुमारे ११०० मीटरपर्यंत जाते आणि मेळघाटातील जनावरे अंधारात रस्त्यावर येतात. म्हणून पहाटे निघावे व घाट दुपारीच चढावा. दुसरा दिवस गाविलगडाला द्यावा. हा किल्ला इंग्रजांनी १८०३ च्या डिसेंबरातच घेतला. तिसऱ्या दिवशी खाली उतरून मुक्तागिरीची जैन मंदिरे पाहावीत व बैतूलला मुक्काम करावा. चौथ्या दिवशी तापीचे उगमस्थान मुलताई, मग सावनेर आणि घर. अशी प्रदक्षिणा पुरी होते.

एखादे ठिकाण राहिले तर राहू द्यावे. घाटात रात्र मात्र गाठू देऊ नये. राहिलेले ठिकाण पुढच्या हिवाळ्यातही तेथेच असते.