साडेबासष्ट मार्कांचा सिनेमा

तमिळ सिनेमाच्या सगळ्यात नावाजलेल्या गुणपत्रिकेत पहिल्या आलेल्या चित्रपटाला ६२.५ गुण आहेत, शंभरपैकी. गुणपत्रिका चेन्नईच्या ‘आनंद विकटन’ साप्ताहिकाची, वर्ष १९७७, चित्रपट भारतीराजांचा ‘पदिनारु वयदिनिले’. पुढच्याच वर्षी महेंद्रन यांच्या ‘मुळ्ळुम मलरुम’ला ६१ मिळाले. मणिरत्नमच्या ‘नायकन’ला (१९८७) ६०, कमल हासनच्या ‘हे राम’ला (२०००) ६०, आणि पिझ्झा खायला मिळावा म्हणून धडपडणाऱ्या चेन्नईच्या झोपडपट्टीतल्या दोन पोरांच्या ‘काक्का मुट्टै’लाही (२०१५) ६०. आपल्या दहावीच्या हिशेबात ही सगळी मंडळी फर्स्ट क्लासच्या उंबरठ्यावर. डिस्टिंक्शन कुणालाच नाही. मुंबईत एखाद्या निर्मात्याला शंभरपैकी साठ दिले, तर तो दुसऱ्या दिवशी फोन करून विचारेल, आमचं काय चुकलं?

चेन्नईत मात्र विकटनचे साठ गुण मिळाले की पेढे वाटायचे. पन्नास म्हणजे उत्तम, चाळीसच्या पुढे म्हणजे तिकिटाचे पैसे वसूल, हे तिथल्या वाचकाला कुणी शिकवावं लागलं नाही. आठवड्यामागून आठवडे तीच वही तपासलेली पाहून त्याला ते आपसूक कळलं होतं. तारे, टक्के, गुण या सगळ्याची मेख मला इथे दिसते. आकडा कोणत्या हाताने दिला, तो हात किती सैल आणि किती कडक, हे ठाऊक असेल तरच तो वाचता येतो. नुसता ६० हा आकडा मुका असतो.

त्या पहिल्या दोन चित्रपटांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दोन्हींत एक गायकवाड आहे. बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत. ‘पदिनारु वयदिनिले’मध्ये तो गावचा टवाळ परट्टै. नायक कमल हासन लंगडत चालणारा, गावाने हिणवलेला, आणि नायिका मयिल म्हणजे श्रीदेवी. तमिळ सिनेमा स्टुडिओतल्या पुठ्ठ्याच्या गावातून खऱ्या मातीत उतरला तो याच चित्रपटाने, असं तिथले जाणकार मानतात. ‘मुळ्ळुम मलरुम’मधला रजनीकांत हा विंच चालवणारा, हेकट, बहिणीवर जीव टाकणारा कामगार. चष्मा फिरवणं नाही, सिगारेट उडवणं नाही. विकटनने सर्वाधिक गुण दिलेल्या या दोन चित्रपटांत सुपरस्टार आहे, पण सुपरस्टारपण नाही. परीक्षकाची आवड काय होती, हे याहून स्पष्ट कोण सांगणार? जाता जाता : पहिल्याचा हिंदी अवतार ‘सोलवा सावन’ १९७९ मध्ये भारतीराजांनीच केला. कमल हासनच्या जागी आपले अमोल पालेकर होते. तो चालला नाही.

विकटनचा इतिहासही मजेशीर आहे. १९२६ साली निघालेलं आणि रखडलेलं हे नियतकालिक १९२८ मध्ये एस. एस. वासन यांनी विकत घेतलं. दोनशे रुपयांना, असं सांगतात. हेच वासन पुढे जेमिनी स्टुडिओचे मालक झाले आणि १९४८ मध्ये त्यांनी ‘चंद्रलेखा’ काढून हिंदी पट्टाही जिंकला. म्हणजे गुण देणारं साप्ताहिक आणि सिनेमा काढणारा स्टुडिओ एकाच घरातले. आज अशी व्यवस्था ऐकली की आपण लगेच भुवया उंचावतो. तरी वाचकांचा विश्वास बसला. त्याला इतरही कारणं असतील. वासन यांचे चिरंजीव, संपादक एस. बालसुब्रमण्यम, यांना १९८७ मध्ये मुखपृष्ठावर आमदार-मंत्र्यांची थट्टा छापली म्हणून विधानसभेने तीन महिन्यांची सक्तमजुरी सुनावली होती. गदारोळ इतका झाला की काही दिवसांतच सुटका करावी लागली. जो मंत्र्यांना भीत नाही तो निर्मात्याला काय भिणार, असं वाचकाला वाटलं तर नवल नाही. शिवाय परीक्षणाखाली व्यक्तीऐवजी ‘विकटन विमर्शन कुळु’, म्हणजे परीक्षण मंडळ, असं नाव येई.

योगायोग असा की वासन यांनी विकटन घेतलं त्याच १९२८ साली, ३१ जुलैला, न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर या समीक्षिकेने सिनेमांना तारे द्यायला सुरुवात केली. शून्य ते तीन अशी तिची पट्टी होती. पहिल्याच ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ला तिने एक तारा देऊन बोळवण केली. पुढे तारे चार झाले, आपल्याकडे पाच. अर्धा तारा आला आणि सगळी पंचाईत सुरू झाली. आपल्या वर्तमानपत्रांतलं शुक्रवार-शनिवारचं पान काढून पाहा. दोनच्या खाली क्वचित कुणी जातं, चारच्या वर क्वचित कुणी चढतं. सगळी गर्दी अडीच ते साडेतीनच्या डब्यात. साडेतीन म्हणजे ‘चांगला आहे’ की ‘वाईट म्हणायचं जिवावर आलं’, हे मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही आणि मजकूर वाचायचा नसतो म्हणूनच तर तारे पाहायचे असतात. अमेरिकेतला रॉजर ईबर्ट हा थोर समीक्षक स्पष्टच सांगे, की माझे तारे सापेक्ष आहेत. सुपरहिरोच्या सिनेमाला मी सुपरहिरोंच्या रांगेत उभं करून मोजतो, गंभीर नाट्यपटाशेजारी नव्हे.

आता गुण देणारा तो एक हात गेला आणि त्या जागी लाखो बोटं आली. आयएमडीबी हे सिनेमांचं संकेतस्थळ १९९० मध्ये हौशी सिनेवेड्यांच्या यादीतून जन्मलं, १९९८ मध्ये ॲमेझॉनने ते घेतलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेन्नईत घडलेला ‘जय भीम’ तिथे ९.६ वर पोहोचला आणि अनेक वर्षं पहिल्या असलेल्या ‘द शॉशँक रिडेम्प्शन’च्या ९.३ ला त्याने मागे टाकलं, अशा बातम्या झळकल्या. इरुळर आदिवासींच्या कोठडीतल्या छळाची आणि वकील चंद्रू यांच्या लढ्याची ही गोष्ट. तिचे दिग्दर्शक त. से. ज्ञानवेल एकेकाळी विकटनमध्येच पत्रकार होते. आपल्याकडेही आनंद झाला, कारण नावच तसं. पण आयएमडीबीच्या पहिल्या २५० चित्रपटांच्या यादीचं गणित वेगळं होतं. ती क्रमवारी लावायला आयएमडीबीने एके काळी स्वतःच छापलेलं सूत्र असं : प्रत्येक चित्रपटाच्या मतांत २५,००० काल्पनिक मतं मिसळायची, आणि ती सर्वसाधारण चित्रपटाची, म्हणजे सातच्या आसपासची धरायची. समजा एखाद्याला पन्नास हजार मतं ९.६ च्या सरासरीने पडली. दोन भाग ९.६ चे, एक भाग ७ चा : उत्तर ८.७३. शॉशँकला मतं वीस लाखांहून जास्त. तिथे पंचवीस हजारांचं पाणी मिसळून रंग बदलत नाही, ९.३ चे ९.२७ होतात फार तर. सूत्र म्हणतं, थोड्या लोकांच्या उत्साहावर लगेच विश्वास ठेवू नका. पुढे ‘जय भीम’चा दिसणारा आकडाही उतरत नऊच्या खाली आला. यात चित्रपट वाईट ठरला असं काही नाही. पहिल्या आठवड्यात मत देणारे वेगळे असतात आणि वर्षभराने देणारे वेगळे.

रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाच्या टक्क्यांबद्दल मात्र एवढंच : ती सरासरी नसते, किती समीक्षकांना ‘बरा’ वाटला याची मोजणी असते. दहाच्या दहा जणांनी दहापैकी सहा दिले, तर १०० टक्के. पाच जण वेडे झाले आणि पाच जण वैतागून उठले, तर ५०. माझ्या आवडीचे बहुतेक चित्रपट या दुसऱ्या जातीचे आहेत.

पहिल्या दिवशी मत देणारा कोण, हा प्रश्न चेन्नईत चांगलाच तापलेला आहे. जानेवारी २०२३ मध्ये अजितच्या ‘तुणिवु’च्या मध्यरात्रीनंतरच्या खेळावेळी कोयंबेडूच्या रोहिणी थिएटरबाहेर लॉरीवर नाचणारा एक चाहता खाली पडून मरण पावला. तेव्हापासून तमिळनाडूत पहाटेचे खेळ बंद झाले, मोठ्या चित्रपटाचा पहिला खेळ सकाळी नऊला. शेजारच्या केरळात मात्र पहाटे चार. त्यामुळे विजयच्या ‘लिओ’बाबत ऑक्टोबर २०२३ मध्ये असं झालं, की ज्या शहरात तो सिनेमा बनला ते शहर तिकीट हातात घेऊन रांगेत उभं असताना पालक्काडहून निकाल फोनवर येऊन पडला होता. (‘कबाली’च्या वेळी २०१६ मध्ये आमच्या माटुंग्यातल्या अरोरा टॉकीजबाहेर पहाटे ढोल वाजत होते. तिथला निकाल आधीच ठरलेला असतो.) खेळ सुटला की दारात यूट्यूब वाहिन्यांचे माइक. घामाघूम पोरगा ‘ब्लॉकबस्टर’ तरी ओरडतो नाहीतर ‘डोकं दुखलं’ म्हणतो. दहा किंवा एक. मधले आकडे माइकसमोर थांबत नाहीत, घरी जाऊन जेवतात.

१४ नोव्हेंबर २०२४ ला सूर्याचा ‘कंगुवा’ आला आणि याच दारांवर कोसळला. त्याची पत्नी, मुंबईत वाढलेली अभिनेत्री ज्योतिका, हिने जाहीर लिहिलं की पहिला अर्धा तास जमलेला नाही आणि आवाज कर्कश आहे, पण एवढा राग कशासाठी? इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी घडली. आवाजाबद्दलची तक्रार इतक्यांनी इतक्या नेमक्या शब्दांत केली की निर्मात्यांनी थिएटरांना आवाज दोन अंशांनी खाली घ्यायला सांगितलं, पुढे काही मिनिटांची कात्रीही लावली. दीड तारा पाहून कुणाला ध्वनीची कळ फिरवता आली नसती. ‘कान फुटले’ हे ऐकून ती फिरवता आली.

त्यानंतर तमिळ चित्रपट निर्माता परिषदेने थिएटरांना सांगितलं की आवारात यूट्यूबवाल्यांना उभं करू नका, आणि ‘तमिळ फिल्म ॲक्टिव्ह प्रोड्यूसर्स असोसिएशन’ या निर्मात्यांच्या दुसऱ्या संघटनेने प्रदर्शनानंतर पहिले तीन दिवस ऑनलाइन परीक्षणांवर बंदी घालावी म्हणून मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. केरळातही असाच खटला चालू होता, तिथल्या न्यायमित्रांनी ४८ तास थांबण्याची सूचना केली होती. डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला न्या. एस. सौंदर यांनी सरसकट बंदी नाकारली. मत मांडणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सांगून त्यांनी केंद्र, राज्य आणि यूट्यूबला नोटिसा काढल्या.

निर्मात्यांचं दुःख अगदीच खोटं नाही. पैसे घेऊन दहा देणारे आणि पैसे मिळाले नाहीत म्हणून एक देणारे दोघेही बाजारात असल्याची कुजबुज चेन्नईत आहे तशी अंधेरीतही आहे. हॉलिवूडमध्ये तर २००० मध्ये सोनी कंपनीने डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षकच कल्पनेतून घडवला होता, जाहिरातींत कौतुक छापायला. पुढे भरपाई मोजावी लागली. पण ती तीन दिवसांची मागणी वाचताना मला रविवारची सिनेमाची जाहिरात डोळ्यांपुढे येत होती. नायकाचा चेहरा, ‘हाऊसफुल्ल’चा शिक्का आणि वर ओळीने चार-चार, साडेचार-साडेचार तारे. शुक्रवारी परीक्षण बंद, शनिवारी बंद, तर रविवारच्या जाहिरातीसाठी हे तारे कुणाकडून आणायचे?